मधुमेहींच्या ताटातल्या कॅलरी : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत गूळ आहे आणि उरलेल्यांत भाकरी. म्हणून उत्तरं एकत्रच देते.

साखर सोडून सेंद्रिय गूळ घेतो. चालेल ना?

नाही. कॅलरी जवळपास तेवढ्याच, आणि रक्तातली साखरही वाढतेच.

पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली, तरी वजन हलत नाही.

कसं हलेल? शंभर ग्रॅम पिठात, गहू असो की ज्वारी, साधारण 330 ते 350 कॅलरी असतात. त्यात भाकरीला पीठ जास्त लागतं. ज्वारी चांगलीच आहे, पण दीड भाकरीऐवजी एक घ्या आणि ती जागा पालेभाजी-कोशिंबिरीने भरा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पालेभाज्या वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आमच्याकडे तळलेलं होतच नाही. लाकडी घाण्याचं तेल वापरतो. मग कॅलरी येतात कुठून?

त्या तेलातूनच. हे मी रोज ऐकते आणि रोज एकच विचारते : महिन्याला तेल किती लागतं? ‘पाच लिटर’, चार माणसांत. करा हिशेब. माणशी दिवसाला सुमारे 38 ग्रॅम, ग्रॅममागे 9 कॅलरी, म्हणजे 340. चार फुलक्यांइतक्या! त्या ताटात दिसत नाहीत, कारण त्या फोडणीत, पोळीच्या घडीत आणि झुणक्यावर वरून घेतलेल्या कच्च्या तेलात असतात. घाण्याचं, रिफाइंड, करडईचं, शेंगदाण्याचं, सगळ्याच्या कॅलरी सारख्या. साजूक तुपाच्याही. पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ला तर भुलूच नका, वनस्पतीच्या तेलात ते मुळात नसतंच. डब्यावर तो फोडल्याची तारीख लिहा. बुधलीतून ओतू नका, चहाच्या चमच्याने मोजा. चौघांच्या भाजीला दोन-तीन चमचे पुरतात, कढई जाड हवी आणि झाकणावर पाणी ठेवावं. शेंगदाण्याचा कूटही याच हिशेबात धरा, दोन मोठे चमचे म्हणजे शंभरावर कॅलरी. मुठीने घालणाऱ्या सुगरणींना माझा राग येईल, येऊ दे. तुमच्यासाठी दिवसाला नेमके किती चमचे, ते मात्र वजन आणि तपासण्या बघून तुमच्या आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

‘शुगर-फ्री’ बिस्किटं किती खावीत?

पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचा. मैदा आणि वनस्पती तेल आहे ना? साखर काढली म्हणून बाकीचं हलकं होत नाही. भाव मात्र दुप्पट लावतात.

उपवासाला साबुदाणा?

नको. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर उपवासही विचारूनच.

ग्लिमेपिराईडची गोळी चालू आहे. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून महिनाभर रात्री जेवत नाही. पहाटे घाम येतो, हात थरथरतात. पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे जाणारच आहे, तेव्हा सांगू का?

पुढच्या महिन्यात नाही, आजच फोन करा. ही गोळी पोटात अन्न नसलं तरी साखर उतरवतच राहते. आज रात्रीपासून जेवा. पुन्हा असं झालं की लगेच ग्लुकोमीटर लावा. 70 च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली तर घरच्यांनी तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा. रात्रीचं जेवण हलकं करता येईल, पण गोळी किती आणि केव्हा, हे डॉक्टरांनी बदलून दिल्यावरच.