आई गेल्यावर तिची आठवण घरात आणि नातवंडांत कशी जपावी?

तुम्ही लिहिलंय की आईला जाऊन चार महिने झाले. मुलगी सहा वर्षांची, आजीवर तिचा फार जीव. आणि आजीचं नाव निघालं की घरातली मोठी माणसं विषय बदलतात. तिला आजी लक्षात राहील का, त्यासाठी काय करता येईल, असं विचारलंय.

ताई, आधी हे विषय बदलणं थांबवा. पोर मोठ्यांचे चेहरे बघून ठरवतं काय बोलायचं ते. आजी म्हटलं की घर गप्प होतं हे एकदा कळलं की ती तुमच्यासाठी म्हणून आजीचं नाव घेणंच सोडून देईल. रडू आलं तर तिच्यासमोर रडा आणि सांगा, मला आजीची आठवण येतेय. आजी वारली, ती परत येणार नाही, हे साध्या शब्दांत सांगितलेलं मुलांना पेलतं. ‘झोपली’ किंवा ‘गावाला गेली’ असं मात्र सांगू नका. मुलं मग झोपायला घाबरतात, नाहीतर वाट बघत बसतात.

माझं माहेर जळगावकडचं. आई गेली त्यानंतरची पहिली आखाजी मला फार जड गेली. अक्षय्यतृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात, आणि हा सण दोन्हीकडून काळजाला हात घालतो. एकीकडे तो लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, खापरावरचे पुरणाचे मांडे होतात. दुसरीकडे त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. नवी मातीची घागर, पाणी, वर डांगर (म्हणजे खरबूज), सांजोरी, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर त्यांच्या नावाची आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास. जिच्यासाठी मी दरवर्षी माहेरी जायचे, तिच्याच नावाची घागर त्या वर्षी भरायची होती.

त्या दिवशी मी मुलांना बाजूला ठेवलं नाही. डांगर मुलानं ठेवलं, आगारी टाकताना मुलीनं माझा हात धरला होता. मग मांडे खाताना दोघंही आपणहून आजीबद्दल बोलायला लागली. आजी आमरसात तूप किती घालायची, झोक्यावर पदर खोचून कशी बसायची. विधी केले की दुःख हलकं होतं असं मी म्हणत नाही. पण गेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायला घरात एक दिवस ठरलेला असणं मला मोलाचं वाटतं. तुमच्याकडे आखाजी नसेल तर पितृपक्षातली तिथी असेल, वर्षश्राद्ध असेल. श्राद्ध मानत नसाल तर तिचा वाढदिवस धरा, आणि त्या दिवशी तिच्या आवडीचा स्वयंपाक मुलीला हाताशी घेऊन करा.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. आईचं बोलणं लिहून ठेवा. चेहरा फोटोत राहतो, बोलणं मात्र आधी विरतं. माझी आई फोन उचलला की ‘काय करू राह्यली वं?’ असंच विचारायची. आता असं मला कोणी विचारत नाही. तिच्या म्हणी, तिच्या शिव्यासुद्धा, नातवंडांना तिनं ठेवलेली लाडाची नावं, सगळं एका वहीत उतरवा. बहिणाबाई चौधरी आमच्याच भागातल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या गाणी रचायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि आणखी एका नातलगानं ती वेळोवेळी टिपून ठेवली, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावरही गाणी उरली आणि १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आली. प्रत्येकीची आई बहिणाबाई नसते, हे खरं. पण घरातल्या कोणीतरी वही हातात घेतली नाही तर काय काय जातं, हे त्यावरून मला फार कळतं.

मोबाईलवर तिचे आवाजी निरोप असतील तर ते आजच दुसरीकडे उतरवून घ्या. फोन बदलताना ते पुष्कळदा जातात. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीनं नावं, गाव, प्रसंग लिहा. लोकगीतांच्या अभ्यासक हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांसोबत गाणारीचं नाव आणि गावही नोंदवलेलं दिसतं. ते वाचताना मला नेहमी वाटतं की या बाईच्या नातीला आपली आजी इथे सापडेल. घरच्या नोंदीतही एवढं असायलाच हवं.

आणि आईला देवी करू नका. माझी आई तापट होती. तिच्या वांग्याच्या भरताला कोणी नाव ठेवलं तर जेवण होईपर्यंत त्या माणसाशी बोलायची नाही. वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजायची, गॅसवरची तिला चालायची नाहीत, आणि त्यावरून तिनं सुनेशी वादही घातलेत. हे सगळं मी मुलांना सांगते. नुसती प्रेमळ, नुसती कष्टाळू अशी आजी कोणाचीही असू शकते. भरतावरून रुसणारी मात्र त्यांचीच.

शेवटचं काम सगळ्यात निकडीचं आहे. तुमच्या आईची बहीण, भाऊ, लहानपणची मैत्रीण, जे कोणी आहेत त्यांच्याकडे या सुट्टीत मुलीला घेऊन जा. आपल्याला आई आई म्हणूनच ठाऊक असते. माझ्या मावशीकडून मला कळलं की आई लग्नाआधी तापी पोहून जायची. मला तर तिला पोहता येतं हेही माहीत नव्हतं! उन्हाळ्याचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करताना ती ज्वारी किती दिवस भिजवायची, लसूण कधी घालायची, तेही मावशीनंच सांगितलं, कारण दोघी ते एकाच अंगणात शिकल्या होत्या. मावशी आता थकली आहे, दुपारनंतर तिला फार बोलवत नाही. तुमच्याकडेही अशी माणसं थकतच चालली असतील. म्हणून सकाळी जा, फोनमध्ये आधीच जागा करून ठेवा, आणि प्रश्न मुलीला विचारू द्या. मोठ्यांना जे सांगायला माणसं कचरतात, ते लहान पोरीला मोकळेपणानं सांगतात.