अर्ध्या दिवसाची नोकरी

प्रश्न : मुलीला बारावी विज्ञानला ७८ टक्के आहेत. नीटमध्ये काही जमलं नाही. आता ती पुण्याला बी. एस्सी. स्टॅटिस्टिक्स करायचं म्हणते, पण त्यात पुढे काय? मुलीला शिक्षिकेची नोकरी उत्तम, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. दुपारपर्यंत शाळा, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी, घरसंसार सांभाळून पगार चालू. बी. एड. करून तिने झेडपीच्या पहिली ते चौथीच्या शाळेत लागावं, शक्यतो आमच्याच तालुक्यात. तयारी कशी करावी?
– एक पालक, बार्शी

उत्तर : नमस्कार. आधी मार्गाचं सांगतो. पहिली ते पाचवीला शिकवायला बी. एड. चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. त्यासाठी डी. एल. एड. म्हणजे आपलं जुनं डी. एड., मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल, म्हणजे सरकारची शिक्षकभरतीची वेबसाइट. निवड झालीच, तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना १६ हजार मानधन. पोर्टलवर पसंतीक्रम देता येतो, पण शेवटी गुणवत्ता यादीत जे येईल ते. घराजवळची शाळा मिळेल हे गृहीत धरू नका.

पण मला खटकलं ते वेगळंच. तुमच्या अख्ख्या पत्रात शिकवणं कुठेच नाही. सुट्टी आहे, पगार आहे, संसार आहे. तिला लहान मुलांत रमायला आवडतं का, तीच गोष्ट चौथ्यांदा न चिडता सांगता येते का, याबद्दल एक ओळ नाही. तिचं स्वतःचं म्हणणं जेमतेम एका वाक्यात आलं आणि ‘पुढे काय’ म्हणून तुम्ही ते तिथेच निकालात काढलंत. संसार सांभाळायला सोपं जावं म्हणून मुलाला शिक्षक करायचंय, असं पत्र मला आजवर एकाही पालकाने लिहिलेलं नाही.

आता त्या ‘दुपारपर्यंत’चं बघू. शनिवार आणि उन्हाळ्यातली सकाळची शाळा सोडली, तर झेडपीची शाळा साधारण साडेदहा ते पाच भरते. लहान गावात चार इयत्ता आणि दोन शिक्षक, हे सर्रास दिसतं. त्यातले एक सर केंद्रावर शिक्षण परिषदेला गेले, की चारही वर्ग बाईंच्या गळ्यात. पहिलीला अक्षरं गिरवायला बसवायचं, तिसरीला वजाबाकी द्यायची, तेवढ्यात तांदूळ मोजून द्यायचे, खिचडी शिजली की मुलांच्या आधी आपण खाऊन बघायची, चव नोंदवहीत सही करायची, किती मुलं जेवली तो आकडा मोबाइलवर भरायचा. सत्र संपत आलं की प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी. ‘चित्र पाहून स्वतःच्या शब्दांत गोष्ट सांगतो’, ‘हातच्याची वजाबाकी करताना गोंधळतो’. या नोंदी लिहायला वेळ मिळतो तो रात्री, घरची जेवणं उरकल्यावर. म्हणजे तुम्ही ज्या संसारासाठी ही नोकरी शोधताय, त्याच्याच वेळेतून. शिक्षण हक्क कायदाही शिक्षकाचा आठवडा तयारीसकट ४५ तासांचा धरतो. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता अशैक्षणिक काम देऊ नये असं म्हटलंय, पण ही वगळलेली तीन कामंच घाम काढतात. ज्या बाई बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम सोपवलेल्या, आहेत, त्यांना मतदारयादी घेऊन वस्तीवस्तीवर फिरताना तुम्हीही पाहिलं असेल.

मे महिन्याच्या सुट्टीआधी निकालपत्रकं असतात आणि पट टिकवायला नव्या पहिलीसाठी घरोघरी फिरणं असतं. शिवाय या सुट्ट्यांच्या बदल्यात, इतर सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा मिळते तशी शिक्षकांना मिळत नाही. आणि एकदा चिकटलं की निवांत, असंही आता राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, असा निकाल दिला. पन्नाशीला टेकलेल्यांवरही पुस्तकं उघडायची वेळ आली.

हे सगळं असूनही आनंदाने शिकवणाऱ्या बायका आणि पुरुष मला माहीत आहेत. पण ते शिकवायचं होतं म्हणून तिथे आहेत. जी सोय म्हणून जाईल ती वर्षभरात वैतागेल, आणि तिच्या वर्गातल्या पोरांचं जे नुकसान होईल ते कुठल्याच नोंदवहीत दिसणार नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर यंदा तिला स्टॅटिस्टिक्सला घाला. ‘पुढे काय’चं उत्तर : एम. एस्सी., यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा, स्टाफ सिलेक्शनमधली सांख्यिकी पदं, विमा कंपन्या, औषधांच्या चाचण्या. आणि पदवीनंतर तिलाच शिकवावंसं वाटलं, तर बी. एड. करून सहावीपासून पुढच्या वर्गांचा रस्ता उघडा आहेच. प्रवेश आणि भरतीच्या त्या वेळच्या अटी तेवढ्या तपासा. दरम्यान ओळखीच्या एखाद्या मुख्याध्यापकांना विचारून तिला आठवडाभर शाळेत बसू द्या. बरोबर तुम्हीही एक दिवस जा, पूर्ण पाच वाजेपर्यंत.

पत्राच्या शेवटी ता. क. लिहून तुम्ही विचारलंय, शिक्षिकेला स्थळं चांगली येतात ना? माझ्याकडे फक्त करिअरचं मार्गदर्शन मिळतं.