गिटारच्या बॉडीसाठी सागवान नको, शिवणीचं लाकूड बघ

सागवानाची फळी घ्यायची घाई करू नकोस. सागवान टिकाऊ आहेच, पण इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीला जड पडतं. 45 मिलिमीटर जाडीच्या, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या आकाराच्या बॉडीला साधारण 4 लिटर लाकूड लागतं. सागवानाची ती अडीच किलोच्या पुढे जाते, शिवणीची दोनच्या आसपास राहते. दोन तास उभं राहून वाजवलंस की खांद्याला हा फरक नेमका कळेल. फेंडरने 1956 पासून वापरलेलं आल्डर झाडाचं लाकूडही याच वजनाचं. तूनचं लाकूडही चांगलं, सतारीला वापरतातच की.

वखारीत नावावर विसंबू नकोस, काटा घेऊन जा. 10 बाय 10 सेंटिमीटरचा, साडेचार सेंटिमीटर जाडीचा तुकडा मागून घे. तो 225 ग्रॅम भरला तर घनमीटरला 500 किलो, म्हणजे बॉडी दोन किलोची; घ्यायला हरकत नाही. मात्र तुकडा वाळलेला हवा. नाशिकच्या पावसाळ्यात घेतलेलं लाकूड ओल धरून असतं. फळीखाली पट्ट्या ठेवून ती घरात सावलीत ठेव, दर आठवड्याला वजन लिही. आकडा महिनाभर हलला नाही की मगच करवत लाव. मी एकदा धीर धरला नव्हता; उन्हाळ्यात बॉडीचा मधला सांधा उघडला.

फार हलक्या सावरीच्या मोहात पडू नकोस. त्यात ब्रिजचे (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाचे) स्क्रू धरत नाहीत, आणि बॉडी हलकी झाली की नेकचं, म्हणजे गिटारच्या दांड्याचं, टोक सतत खाली झुकतं.