पावसात अडखळणारी ओम्नी आणि प्लगचे आणखी दोन प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे कार्ब्युरेटरवाली मारुती ओम्नी आहे. कुंभार्ली घाट चढून कराडला नेहमीचं जाणं-येणं. उन्हाळ्यात गाडी मस्त चालते, पण पाऊस लागला की चढाला मिसिंग करते, झटके देते. गेल्या पावसाळ्यात प्लग बदलले, थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो इरिडियमचे प्लग टाका आणि तांब्याच्या तारेच्या रेसिंग वायरी घ्या. काय करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नमस्कार. एवढ्यात काहीही विकत घेऊ नका. आधी इंजिन थंड असताना पुढची सीट उचला आणि एकेक प्लग बाहेर काढून उजेडात बघा. वायर ओढू नका. टोकाची रबरी टोपी धरून जरा पिळा, मग उपसा. आता प्लगच्या वरच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसते का? दिसली तर करंट आत सिलिंडरमध्ये न जाता बाहेरूनच बॉडीला उतरतोय. तशीच रेघ टोपीच्या आतल्या रबरावरही असते, आणि खरी मेख तिथे आहे. जुनी टोपी नव्या प्लगवर बसवली की करंट त्याच रेघेवरून पुन्हा वाट काढतो. तुमचे नवे प्लग थोडेच दिवस टिकले, त्याचं कारण बहुधा हेच असावं.

रात्री गाडी मोकळ्या जागेत चालू ठेवा, आजूबाजूचे दिवे बंद करा आणि वायरींवर फवाऱ्याने पाण्याचा अगदी हलका शिडकावा मारा. गळकी वायर असेल तिथे निळसर ठिणग्या दिसतील. हात मात्र लांब ठेवा, तिथे हजारो व्होल्ट असतात. मीटर असेल तर तिन्ही वायरींचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मोजा. लांब वायरीचा जास्त, आखूड वायरीचा कमी, असा हिशोब जुळला पाहिजे. वायर हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल तर ती आतून तुटलेली आहे. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणाऱ्या डब्याची, कॅप काढून आतून पुसा. तिला तडा किंवा काळी रेघ असेल तर कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर दोन्ही बदला.

आता खरेदीचं. पैसे वायरींवर घाला: तुमच्याच मॉडेलसाठी बनलेला, सिलिकॉनच्या आवरणाचा, टोप्या घट्ट बसणारा पूर्ण सेट. नुसत्या तांब्याच्या तारेच्या वायरी नकोत. त्यांना रेझिस्टन्स जवळजवळ नसतो, त्यामुळे रेडिओत खरखर येते, आणि इंजेक्शनच्या गाडीत तर कॉम्प्युटरच्या सिग्नललाही त्रास होऊ शकतो. घाटातली ताकद त्यांनी वाढत नाही. नव्या वायरी बसवताना एक काढा, तिच्या जागी तेवढ्याच लांबीची एक लावा, मग पुढची. सगळ्या एकदम उपटल्या तर क्रम चुकतो.

प्लग पुस्तिकेत दिलाय त्याच नंबरचा, साधा निकेलचा पुरे. इरिडियम खोटं नाही. त्याचं टोक बारीक असल्याने ठिणगी कमी व्होल्टेजला पडते आणि झीज फार हळू होते. पण करंट वाटेतच गळत असेल तर त्याचा उपयोग काय? मी तरी या ओम्नीत तो घालणार नाही.

नंबराबाबत एक सांगतो, कारण काउंटरवर इथेच घोटाळा होतो. टोकाची उष्णता लवकर सोडतो तो थंड प्लग, धरून ठेवतो तो गरम. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. म्हणजे एका कंपनीच्या 6 ऐवजी दुसरीचा 6 घेऊन चालत नाही, कंपनीचा तक्ता बघूनच जोड लावायची. प्लगचं टोक साधारण 500 अंश सेल्सिअसच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी जळून जाते. फार थंड प्लग काळा पडतो, फार गरम प्लग चढाला पेट्रोल वेळेआधीच पेटवतो आणि पिस्टनवर बेततं. आट्यांची लांबीही तीच हवी. लांब आट्यांचा प्लग पिस्टनवर आदळू शकतो.

प्रश्न : माझी सीएनजी गाडी पेट्रोलवर छान चालते, गॅसवर मात्र गचके देते. प्लगवर थेट कॉइल आहे, वायरी नाहीत. दोष गॅस किटचा असेल का?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : किट खोलण्याआधी प्लग बघा. सीएनजीच्या मिश्रणातून ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजून गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, वाढला की त्याचा त्रास आधी गॅसवर जाणवतो, पेट्रोलवर नंतर. गॅप फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा आणि सीएनजी मॉडेलच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा. वायर नसली तरी कॉइलखाली रबरी नळी असतेच. वर चिपळूणच्या वाचकांना सांगितलेली काळी रेघ तिच्यातही शोधा. एवढं करूनही गचके राहिले, तर मग किटवाल्याकडे जा.

प्रश्न : प्लग पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरले तर चालतात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नका घासू. पेपरचे कण आत अडकतात, आणि तारेच्या ब्रशने घासलं तर धातूचा थर चिनी मातीवर बसून करंटला नवी वाट मिळते. मधल्या दांडीच्या कडा गोल झाल्या असतील तर प्लग बदला. कडा शाबूत आहेत पण प्लग तेलाने ओला आहे, तर तेल कुठून येतंय ते आधी शोधा. नवा प्लग थंड इंजिनात, हाताने फिरवत शेवटपर्यंत न्या. नव्या वॉशरचा असेल तर त्यापुढे पान्याने अर्धा ते पाऊण फेरा पुरे. प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. जोर लावलात तर आटे जातील आणि एका प्लगपायी हेडचं काम निघेल.