एकदाच पैसे भरून सगळे चॅनेल देणारा टीव्ही बॉक्स घरी लावला तर चालतो का?

बॉक्स लावणं हा गुन्हा नाही. अँड्रॉइड बॉक्स विकत आणा, टीव्हीला जोडा, त्यावर स्वतःच्या वर्गणीची ॲप्स चालवा, यूट्यूबवर कीर्तन लावा, कोणी विचारायला येत नाही. पण तुम्ही लिहिलंय की दुकानदार वर्षाला एकदाच पैसे घेऊन सगळे पे चॅनेल, सगळे नवे पिक्चर आणि वर आयपीएल देतो म्हणतो. ती सरळ सरळ चोरी आहे. एवढं सगळं कायदेशीर घ्यायचं तर महिन्याचा खर्च किती होतो ते तुम्हालाही माहीत आहे.

हे इतकं ठासून सांगतोय कारण मी भांडुपला बरीच वर्षं केबलची लाइन चालवली. दरवर्षी हेड पोस्टात ५०० रुपये भरून रजिस्ट्रेशन रिन्यू करायचो, जीएसटी येईपर्यंत करमणूक कर वेगळा भरायचो. २०१२च्या ३१ ऑक्टोबरला मुंबईत बॉक्सशिवाय चालणारी जुनी ॲनालॉग केबल बंद झाली, तेव्हा सेट टॉप बॉक्सची खोकी घेऊन चाळींचे जिने मीच चढलो. २०१९ला सरकारच्या ट्राय या नियामकाचा नवा दर आला, महिन्याला १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, पे चॅनेल वेगळे. तो दर काही मी ठरवला नव्हता, पण शिव्या मात्र दारात मला. त्याच लोकांनी पुढे टेलिग्रामवरच्या कुठल्याशा अनोळखी पोराला वर्षाचे पैसे आगाऊ यूपीआय केले.

त्यातले एक माझे भावोजी. कांजूरला राहतात. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून बॉक्स आणला, खोक्यावर मोठ्या अक्षरात '८के', आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे. मी काही बोललो की ठरलेलं उत्तर: "तू केबलवाला, तुझ्या पोटात दुखणारच."

२९ जून २०२४, टी-२० वर्ल्ड कपची फायनल. ताईने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. त्या बॉक्सचा रिमोट तुम्ही हातात घेऊन बघा एकदा. ॲप मोबाइलचं, टीव्हीसाठी बनवलेलंच नाही, म्हणून स्क्रीनवर माऊसचा बाण येतो आणि तो रिमोटने ढकलत ढकलत चॅनेलवर न्यायचा. हे काम भाच्याकडे. मॅच लागली, चित्र बऱ्यापैकी होतं, ते कबूल. शेवटाला आमच्या टीव्हीवर अर्शदीपची एकोणिसावी ओव्हर चालू होती आणि खालच्या मजल्यावरून एकदम आरडाओरडा, शिट्ट्या. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. भाचा म्हणाला, "मिलर गेला वाटतं." आणि तेवढ्यात गोल चक्र फिरायला लागलं ते लागलंच.

भावोजींनी सेटिंगवाल्याला, म्हणजे वर्षाचे पैसे घेतलेल्या त्या टेलिग्रामवरच्या पोराला, फोन लावला. उचलला नाही. मग मेसेज आला, "भाई सर्वर पे लोड है, ऐप बंद करके चालू करो." भावोजी ॲप बंद करून चालू करत बसले. ताई शेजारच्या जोशीकाकूंकडे गेली, त्यांच्याकडे साधी केबल. सूर्याचा कॅच तिने तिथे पाहिला. आम्ही पुरुष मंडळी चक्र बघत होतो.

दुसऱ्या दिवशी भावोजी म्हणतात कसे, "केबल पण जायचीच की तुमची." जायची ना! पावसात ॲम्प्लिफायरमध्ये पाणी शिरलं की अख्खी गल्ली अंधारात. पण रात्री अकराला शिडी खांद्यावर टाकून यायला माणूस होता, आणि तो कुठे राहतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या महिन्यात तो सेटिंगवाला नंबर बदलून गायब झाला. वर्षाचे पैसे बुडाले. ताईला हे सांगू नको असं भावोजी म्हणाले होते, आता इथे लिहितोय.

कायद्याचं म्हणाल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ बघा. जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला किंवा त्याला मदत करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. डिजिटल कुलूप तोडण्यासाठी २०१२च्या दुरुस्तीत कलम ६५ए आलं, त्यात दोन वर्षांपर्यंत. घरात सोफ्यावर बसून नुसतं बघणाऱ्याला उचलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, पोलीस विकणाऱ्याच्या आणि सर्व्हर चालवणाऱ्याच्या मागे असतात. पण तोच बॉक्स सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा मंडळाच्या मांडवात लावून शंभर लोकांना मॅच दाखवलीत तर गोष्ट वेगळी.

मला विचाराल तर कायद्यापेक्षा वायफायची काळजी जास्त करा. २०२४च्या सप्टेंबरमध्ये डॉक्टर वेब या कंपनीने सांगितलं की व्होवनडी (Vo1d) नावाचा मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, जवळजवळ २०० देशांतल्या १३ लाख टीव्ही बॉक्समध्ये सापडला. २०२५च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेही अशा बॉक्सबद्दल लोकांना सावध केलं. काही बॉक्स कारखान्यातूनच बिघडवून येतात आणि तुमचं कनेक्शन दुसऱ्याच कोणाच्या उद्योगांसाठी भाड्याने दिलं जातं. उद्या चौकशी आली तर बिल ज्याच्या नावावर त्याच्याकडे येणार. बॉक्स चालू करताना 'प्ले प्रोटेक्ट', म्हणजे गूगलची सुरक्षा तपासणी, 'बंद करा' असं सांगितलं की तिथेच परत करा.

घ्यायचाच असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये सर्टिफाइड दिसतो का बघा, मागे बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा, आर नंबर आहे का बघा, आणि वाइडवाइन एल१ आहे का विचारा. वाइडवाइन म्हणजे ॲप्समधल्या पिक्चरची चोरी रोखणारं कुलूप, एल१ ही त्याची वरची पातळी. खालचं एल३ असलं तर वर्गणी भरूनही बहुतेक ॲप्स ४८०पीच्या, म्हणजे साध्या धूसर चित्राच्या, वर जात नाहीत, मग खोक्यावर ८के लिहिलेलं काय चाटायचंय? फुकटच हवं असेल तर डीडी फ्री डिश आहे, महिन्याचं भाडं नाही. मात्र छत्री लावायला गच्चीची परवानगी सेक्रेटरीकडून काढणं हे मुंबईत वेगळंच युद्ध. प्रसार भारतीचं वेव्हज ॲपही आहे.

आता दोन गोष्टी प्रामाणिकपणे. मॅच उशिरा दिसणं हा फक्त चोरीच्या बॉक्सचा दोष नाही, पैसे भरलेल्या ॲपवरही केबलपेक्षा थोडी मागेच असते. आणि भावोजी नेहमी काढतात तो मुद्दा, की नव्वदीत केबलवर रात्री नवा पिक्चर लागायचा तेव्हा कुठे होता तुमचा कायदा? लागायचा. मी धंद्यात यायच्या आधीची गोष्ट, पण लागायचा. म्हणून आज तुमचं बरोबर होतं का, भावोजी?

आणि तो ८केवाला अजून हॉलमध्ये जोडलेला आहे हे भाच्याने मला सांगितलंय. ताईचं बँकेचं ॲप त्याच वायफायवर चालतं. निदान तो बॉक्स गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, तरी टाका. जमत नसेल तर मी रविवारी येतो, शिडी लागणार नाही.