वाचक विचारतात : दोन फोन, एक वायर आणि मध्ये कोणी नाही

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या वेशात आली आहे : दोन यंत्रं हाताशी आहेत, पण एकातलं दुसऱ्यात जात नाही. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. थेट जोडणीत एकाला यजमान, म्हणजे जोडणी चालवणारा, व्हावं लागतं आणि दुसऱ्याला पाहुणा. दोघेही पाटावर बसून राहिले तर वाढणार कोण?

प्रश्न (रामबाग, इंदूर) : अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचं शूटिंग भावाच्या फोनवर केलं आहे. सुमारे ४० जीबीचे व्हिडिओ माझ्या फोनवर घ्यायचे आहेत. दोन्ही फोन अँड्रॉइड, दोन्हींना टाइप-सी. दोन्ही टोकं टाइप-सी असलेली वायर लावली की माझा फोन त्याचा फोन चार्ज करू लागतो, फाइली मात्र दिसत नाहीत. वायर खराब आहे का?

उत्तर : असू शकते, पण तुमच्या पत्रातच अर्धं निदान आहे. टाइप-सी जोडणीत जो वीज देतो तोच सहसा यजमान असतो. म्हणजे तुमचा फोन यजमान झाला आहे, आणि फाइली घेणाराच यजमान असावा, हे योग्यच आहे. अडलं आहे ते पाहुण्याकडे. भावाचा फोन जोडल्यावर फक्त वीज घेतो, फाइली आपणहून उघड्या करत नाही. ही चूक नव्हे, सुरक्षा आहे.

भावाच्या फोनचं कुलूप उघडा. वरून पडदा खाली ओढला की 'चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी' अशी सूचना दिसेल. तिच्यावर टॅप करून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. आता तुमच्या फोनवर फोनसोबत आलेलं 'फाइल्स' ॲप उघडा. डावीकडच्या तीन रेघांच्या मेनूत भावाच्या फोनचं नाव आलेलं असेल. त्यात 'डीसीआयएम' आणि त्याच्या आत 'कॅमेरा'. या फोल्डरमध्ये हजारो फोटो असतील तर यादी दिसायला एक-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात 'रिकामं आहे' असं समजून वायर उपटू नका.

वीज उलट्या दिशेनं जात असेल, म्हणजे त्याचा फोन तुमच्या फोनला चार्ज करत असेल, तर त्याच यूएसबी पानावर 'यूएसबी कंट्रोल्ड बाय' हा पर्याय बघा. फाइली देणाऱ्याच्या फोनवर तिथे 'कनेक्टेड डिव्हाइस' हवं. कधी कधी 'कुडन्ट स्विच' असा नकार येतो. मग वायर काढून पुन्हा लावा. दोन्ही फोन यजमान आणि पाहुणा अशा दोन्ही भूमिका सारख्या आलटून पालटून दाखवत असतात आणि जोडण्याच्या क्षणी जे जुळेल ते ठरतं, म्हणून नुसतं काढून लावल्यानंही भूमिका बदलू शकते. तरीही हट्ट सुटला नाही तर जेल रोडवर ओटीजी (फोनला यजमान बनवणारा) ॲडाप्टर घ्या : एका बाजूला टाइप-सी, दुसऱ्या बाजूला पेनड्राइव्ह बसतो तसं मोठं यूएसबी भोक. तो घेणाऱ्या फोनला लावा आणि त्यात साधी चार्जरची वायर घालून तिचं टाइप-सी टोक देणाऱ्याच्या फोनला जोडा. ॲडाप्टरच्या आतला एक छोटा रोधक (रेझिस्टर) 'तू यजमान' हे पक्कं करतो, मग वादच उरत नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन ओटीजी आधी चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ वापर झाला नाही की ते आपोआप बंद होतं.

आता वायर. स्वस्त वायरींत कधी कधी विजेच्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतातच. दुकानात घेताना ती वायर फोन आणि कॉम्प्युटरला लावून फाइली दिसतात का, ते तिथेच पाहा. दुकानदाराच्या 'डेटा केबल आहे' या शब्दावर जाऊ नका. चार्जरसोबत आलेली जाड वायर वेगवान असेल असंही नाही. ती वीज जास्त वाहते, डेटाचा वेग बहुधा यूएसबी २.० चाच, कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट. हातात पडतात सेकंदाला साधारण ३० एमबी. त्या हिशेबानं ४० जीबीला वीस-पंचवीस मिनिटं. यजमान फोनची बॅटरी दोघांना पोसत असते, तेव्हा आधी तुमचा फोन भरून घ्या.

'मूव्ह' करू नका, 'कॉपी'च करा. मध्ये वायर हलली तर अर्धवट फाइल यादीत पूर्ण फाइलीसारखीच दिसते. कॉपी झाल्यावर सगळ्यात मोठा व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत सरकवून बघा, मगच भावाच्या फोनवरून पुसा. हेच व्हिडिओ पुढे मेमरी कार्डवर टाकताना ४ जीबीपेक्षा मोठी फाइल नाकारली गेली तर कार्ड एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेलं आहे. कार्डावरचं सगळं दुसरीकडे काढून ते एक्सफॅट करून घ्या.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर) : वायर नसेल तेव्हा अँड्रॉइडची 'क्विक शेअर' ही सोय वापरतो. कधी झपकन जातं, कधी एका व्हिडिओला तास. असं का? आणि नेट खर्च होतं का?

उत्तर : शेजारी ठेवलेल्या फोनांत फाइल थेट वाय-फायनं जाते, नेट लागत नाही. खात्री हवी तर दोन्हींचा मोबाइल डेटा बंद करून पाठवा. ओळख ब्लूटूथवर होते आणि माल वाय-फायवर जातो. वाय-फाय जोडणी जुळली नाही की माल ब्लूटूथवरच रेंगाळतो, आणि तिथे सेकंदाला पाव एमबी गृहीत धरली तरी १ जीबीला तासाहून जास्त वेळ लागतो. म्हणून दोन्हींकडे वाय-फाय, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू, हॉटस्पॉट बंद, बॅटरी सेव्हर बंद, आणि घेणाऱ्याकडे 'एव्हरीवन' दहा मिनिटांसाठी. दोन मिनिटांत आकडा सरकला नाही तर रद्द करून पुन्हा पाठवा, वाट बघत बसू नका. पूर्वी यासाठी सर्रास वापरली जाणारी शेअरइट आणि झेंडर या ॲप्सवर जून २०२० मध्ये भारतात बंदी आली. कुणी त्यांची फाइल ब्लूटूथनं दिली तरी टाकू नका.

प्रश्न (क्लॉथ मार्केट, इंदूर) : दुकानात माल मोजायला बारकोडची दोन अँड्रॉइड हँडहेल्ड यंत्रं आहेत. मोजणी झाल्यावर दोन्हींचे आकडे एकत्र करताना दरवेळी घोळ होतो. यंत्रं एकमेकांना जोडता येतील का?

उत्तर : जोडणं सोपं आहे, घोळ बहुधा वेगळ्याच जागी आहे. आधी जोडणी. एका यंत्रावर हॉटस्पॉट चालू करा, दुसरं त्याला जोडा. पहिल्याच्या फाइल मॅनेजरमध्ये एफटीपी सर्व्हर (वाय-फायवरून फाइली देण्याची सोय) असेल तर तो सुरू करा, पासवर्ड घाला. पडद्यावर जो पत्ता येतो तो दुसऱ्याच्या फाइल मॅनेजरमध्ये टाका आणि मोजणीची सीएसव्ही (साध्या रकान्यांची) फाइल ओढून घ्या. 'या वाय-फायला इंटरनेट नाही' असं म्हणून यंत्र मध्येच जोडणी सोडत असेल तर सिमचा डेटा बंद करा. काम झालं की सर्व्हरही बंद, कारण यातला मजकूर उघडाच जातो.

आता घोळ. फाइलीत बारकोड आणि नग एवढेच रकाने असतील तर एकत्र करणाऱ्याला कळतच नाही की तोच बारकोड दोन रॅकवर होता, की एकच रॅक दोघांनी मोजला. पहिल्या वेळी बेरीज करायची, दुसऱ्या वेळी एक ओळ काढायची. तेव्हा रॅक क्रमांकाचा तिसरा रकाना ठेवाच, आणि मोजलेल्या रॅकला लगेच चिठ्ठी चिकटवा. काम मालाप्रमाणे नव्हे, रॅकप्रमाणे वाटा.

दुसरा खड्डा एक्सेलमध्ये आहे. सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी बारकोड '८.९ई+१२' असा आखडतो. तसाच सेव्ह केला तर शेवटचे आकडे कायमचे गेले. तुमच्या दुकानाच्या शून्यानं सुरू होणाऱ्या बारकोडचं शून्यही जातं. म्हणून फाइल 'इम्पोर्ट' करा आणि बारकोडचा रकाना 'टेक्स्ट' ठरवा. साड्यांची नावं देवनागरीत असतील तर इम्पोर्ट करतानाच यूटीएफ-८ ही अक्षरपद्धत निवडा, नाहीतर पडद्यावर नुसती अगम्य अक्षरांची नक्षी येईल.

प्रश्न (इंदूर) : कपाटात दोन जुने पाम थ्री (खिशात मावणाऱ्या डिजिटल डायऱ्या) सापडले. दोन्ही चालतात. एकातले पत्ते दुसऱ्यात जातील का?

उत्तर : जातील, तेही वायरीशिवाय. १९९८ च्या या यंत्राच्या वरच्या कडेला काळी चकचकीत पट्टी आहे, ती इन्फ्रारेड खिडकी. दोन्ही पट्ट्या समोरासमोर, वीतभर अंतरावर ठेवा. घेणाऱ्याच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'बीम रिसीव्ह' चालू हवं. देणाऱ्यावर पत्त्यांची हवी ती कॅटेगरी उघडा, मेनूतून 'बीम कॅटेगरी' निवडा. दुसऱ्यावर विचारणा येईल, 'यस' म्हणा. आलेले पत्ते 'अनफाइल्ड'मध्ये सापडतील. उन्हात किंवा खिडकीपाशी करू नका, सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असतो आणि यंत्रं गोंधळतात.

सेल आधी बदला, पण हात झटपट चालवा. पाममधली स्मृती विजेवरच टिकते, ट्रिपल-ए सेल काढून मिनिटभर तसंच ठेवलं तर पत्ते पुसले जाऊ शकतात. नवे दोन सेल वेष्टणातून काढून टेबलावर मांडून ठेवा, मगच झाकण उघडा.