डिटेक्टर नेमकं कशाला म्हणायचं?

प्रश्न : धूर, गॅस, धातू यांचे डिटेक्टर माहीत आहेत. पण जुन्या रेडिओच्या आकृतीत एका डायोडपाशीही (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा सुटा भाग) ‘डिटेक्टर’ लिहिलंय. तो काय शोधतो? आणि सेन्सर वेगळा का?

उत्तर : सेन्सर फक्त बदल टिपून त्याचा विजेचा संकेत करतो. त्या संकेताला मर्यादा ठरवून ‘आहे’ की ‘नाही’ हा निकाल देणारं अख्खं उपकरण म्हणजे डिटेक्टर. बाजारात दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी चालतात; त्यावरून विक्रेत्याशी वाद घालू नका.

धुराच्या डिटेक्टरचा प्रकाशावर चालणारा प्रकार घ्या. काळ्या कप्प्यात एलईडी आणि उजेड टिपणारा फोटोडायोड समोरासमोर नसतात, कोनात असतात. एरवी फोटोडायोडवर उजेड जवळजवळ पडतच नाही. धूर शिरला की कणांवरून प्रकाश विखुरतो, तिथवर पोचतो आणि भोंगा वाजतो. मात्र धूर, वाफ, धूळ, आत शिरलेला किडा हे सगळे त्याच्या लेखी सारखेच! म्हणून न्हाणीघराच्या दाराशी लावलेला डिटेक्टर उगाच कोकलतो. जागा बदला, जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढत जा आणि 10 वर्षांनी उपकरणच बदला.

गॅसच्या बाबतीत उंची चुकली की सगळंच चुकलं. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून साधारण 30 सेंमीवर हवा. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हलका, तिथे तो छताखाली तेवढ्याच अंतरावर. उलट लावलात तर उपकरण ठणठणीत असूनही वेळेवर इशारा मिळणार नाही. चाचणीचं बटण बहुधा सर्किट आणि भोंगाच तपासतं, सेन्सर नाही. सिलिकॉनच्या वाफेने काही प्रकारचे गॅस सेन्सर कायमचे बधिर होतात, तेव्हा तसला स्प्रे जवळपास मारू नका.

आता तुमचा रेडिओ. बिनतारी संदेशाच्या सुरुवातीच्या काळात लहर आली की नाही, एवढंच ओळखायचं असे. जगदीशचंद्र बोस यांना 1904 मध्ये गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाच्या डिटेक्टरचं अमेरिकी पेटंट मिळालं, तो याच घराण्यातला. पुढे लहरीवर आवाज स्वार झाला. तो लहरीपासून सुटा करण्याचं काम डायोडकडे आलं, नाव मात्र जुनंच राहिलं. तो डायोड बदलायचा झाल्यास जर्मेनियमचाच घ्या. त्यातून वीज वाहू लागायला 0.2 ते 0.3 व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला सुमारे 0.6 लागतात, बॅटरीविना चालणाऱ्या क्रिस्टल रेडिओत एवढ्या फरकाने दूरचं केंद्र ऐकूच येत नाही. डायोडच्या पुढचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) फार मोठा बसवलात, तर आवाजातले उंच सूर दबतात.